कथाप्रधान गेम दुसऱ्यांदा खेळताना: फाटे कुठे फुटतात, सेव्ह कुठे ठेवायचा

नाशिक_फाटा (धागाकर्ता)

आधी इशारा: खाली जवळजवळ प्रत्येक प्रतिसादात रसभंग होणार आहे. विचर ३, डेट्रॉइट, मास इफेक्ट २, अंडरटेल, सायबरपंक यांपैकी काही अर्धवट असेल तर इथूनच यू-टर्न घ्या. नंतर तक्रार चालणार नाही.

गेम संपल्यावर 'दुसरं काही निवडलं असतं तर काय झालं असतं' हे बघायला बहुतेक लोक शेवटच्या मोठ्या निवडीच्या जरा आधीचा सेव्ह (जतन केलेला खेळ) उघडतात, दुसरा पर्याय दाबतात, आणि चार संवाद बदलून तोच शेवट समोर आला की वैतागतात. शेवट त्या जागी ठरलेलाच नसतो. म्हणून आधी फाटा कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं. (ब्रँचिंग वगैरे लिहीत बसत नाही. फाटा हा आपला चांगला शब्द आहे, आणि माझ्या आयडीलाही शोभतो.)

एक असतो उघडा फाटा. गेम थांबतो, विचारतो, आणि पुढची गोष्ट खरोखर वेगळ्या रस्त्याने जाते. सायबरपंकच्या फँटम लिबर्टीत (२०२३) 'फायरस्टार्टर' या मिशनमध्ये रीड आणि सो मी या पात्रांपैकी कुणाची बाजू घ्यायची हे ठरवावं लागतं आणि पुढची मिशनंच बदलतात. इथे मिशन सुरू होण्याआधीचा एक सेव्ह पुरतो.

दुसरा उधारीचा. वाण्याच्या वहीसारखा. तुम्ही सहज बोललेली वाक्यं गेम गुपचूप मांडून ठेवतो आणि शेवटी एकदम बिल हातात देतो. विचर ३ मधल्या सिरीचं (नायक गेराल्टच्या मानसकन्येचं) भवितव्य असंच ठरतं. बिल आल्यावर मागचा सेव्ह उघडून उपयोग नसतो, वहीतली पहिली नोंद व्हायच्या आधी जावं लागतं.

तिसरा कात्रजचा घाट. मशाली दिसतात एकीकडे, फौज जाते भलतीकडे. द वॉकिंग डेडच्या (२०१२) पहिल्या भागात डग किंवा कार्ली यांपैकी एकालाच वाचवता येतं. ज्याला वाचवाल तो तिसऱ्या भागात मरतोच. लकडी पुलावरून जा नाहीतर झेड ब्रिजवरून, उतरणार डेक्कनलाच.

सेव्हबद्दल माझं म्हणणं एवढंच की तो फाट्यावर ठेवू नका, उधारी सुरू होते त्याच्या अलीकडे ठेवा. शिवाय प्रस्तावना संपून पात्र मोकळं झालं की एक, आणि 'इथून पुढे परत येता येणार नाही' असा इशारा आला की एक. ऑटोसेव्हवर (गेम आपोआप करतो त्या सेव्हवर) विसंबू नका. त्याचे रकाने मोजके असतात, नवा आला की जुना पुसला जातो. ज्या गेममध्ये सेव्हला नाव देता येतं तिथे 'सेव्ह ४७' असं सोडू नका, 'बेटावर जाण्याआधी, सगळी साइड मिशनं पूर्ण' असं लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल.

गेमवार तपशील जाणकारांनी भरावा.

बुधवारपेठी

विचर ३ (२०१५) माझ्याकडून.

सिरीच्या खात्यात पाच नोंदी होतात आणि त्यांतल्या किमान तीन जमेच्या लागतात. काएर मोर्हेनच्या लढाईनंतर ती खचलेली असते तेव्हा 'सगळंच जमायला हवं असं नाही' म्हणून दारू काढली तर वजा, बर्फाचे गोळे मारले तर जमा. सम्राटाकडे नेलंत तर त्याचे पैसे नाकारायचे, घेतले की वजा. चेटकिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ द्यायचं, सोबत घुसलात की वजा. अव्हालाखच्या प्रयोगशाळेत ती तोडफोड करते तेव्हा अडवायचं नाही. आणि स्क्यालच्या थडग्यावर तिच्यासोबत जायचं. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: पोरीवर विश्वास टाकला की जमा, पोरीला कुकुलं बाळ समजलं की वजा. तीनपेक्षा कमी भरल्या तर ती परत येत नाही.

तीन भरल्या की सिरी विचर (राक्षस मारणारी) होणार की सम्राज्ञी, हा वेगळा हिशोब आहे. सम्राज्ञीसाठी 'ब्लड ऑन द बॅटलफील्ड'मध्ये तिला विझिमाला एम्हिरकडे (तोच वरचा सम्राट, निल्फगार्डचा) नेलेलं असलं पाहिजे आणि युद्ध निल्फगार्डने जिंकलेलं असलं पाहिजे. म्हणजे 'रीझन ऑफ स्टेट' मिशन पूर्ण हवं, शत्रूचा राजा रॅडोव्हिड मेलेला हवा, आणि शेवटी डाइक्स्ट्रा कटातल्या साथीदारांवर, म्हणजे रोश मंडळींवर उलटतो तेव्हा गेराल्टने रोशची बाजू घेतलेली हवी.

लोक इथेच आपटतात. 'रीझन ऑफ स्टेट' उगवायला 'अ डेडली प्लॉट', 'ॲन आय फॉर ॲन आय' आणि 'रेडानियाज मोस्ट वॉन्टेड' ही तिन्ही धुक्याच्या बेटावर जाण्याआधी संपवावी लागतात. बेटावर पाय ठेवला की अर्धवट राहिलेली मिशनं गेली. दुसरी खोट त्याहून छुपी आहे. नंतर 'ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस'मध्ये डाइक्स्ट्रा वाट अडवतो, तिथे त्याला जोरात बाजूला ढकललं तर त्याचा पाय मोडतो आणि सगळा राजहत्येचा कट तिथेच बारगळतो. नुसता राग काढायला म्हणून तो पर्याय दाबणारे खूप आहेत.

म्हणून विचरसाठी सोन्यासारखा सेव्ह एकच: ती तीन मिशनं पूर्ण आणि बेटावर अजून गेलेलो नाही. त्या एका सेव्हमधून विचर, सम्राज्ञी आणि दुःखान्त, तिन्ही निघतात. पहिल्यापासून खेळायची काही गरज नाही.

न्यू गेम प्लसच्या नादी यासाठी लागू नका. तो तुमची पातळी आणि सामान पुढे नेतो, गोष्ट मात्र पहिल्या पानापासून सुरू होते.

सदाशिव_संक्षेप

एवढा खटाटोप कशासाठी? यूट्यूबवर सगळे शेवट अर्ध्या तासात बघून होतात. दुपारी १ ते ४ च्या आत.

नाशिक_फाटा

@सदाशिव_संक्षेप, बघून होतात, कबूल. पण व्हिडिओत दिसतो तो शेवट, तिथवर आणणारी वही दिसत नाही. शिवाय दुपारी १ ते ४ तुम्ही झोपत नाही हे वाचून चिंता वाटली.

खराडी_कनेक्ट

डेट्रॉइट: बिकम ह्यूमन (प्लेस्टेशन ४ म्हणजे पीएस४ वर २०१८, नंतर पीसीवर). दुसऱ्या खेपेसाठी सगळ्यात सोयीचा गेम हाच, कारण प्रत्येक प्रकरण संपलं की तो स्वतःच आराखडा काढून दाखवतो. कुठले चौकोन उघडले, कुठले बंद, बाकी जगाने किती टक्के वेळा काय केलं, सगळं. तरीही लोक तो चुकीचा वाचतात.

आराखड्यात कुलूप दिसलं की समजायचं, याची किल्ली या प्रकरणात नाही, मागच्या कुठल्या तरी प्रकरणात आहे. तेच प्रकरण दहा वेळा घासून ते उघडत नाही.

मधल्या प्रकरणापासून परत खेळायला गेलात की गेम विचारतो, प्रगती सेव्ह करायची की नाही. नुसतं कुतूहल म्हणून डोकावायचं असेल तर 'नाही' म्हणा. उघडलेला चौकोन आराखड्यात नोंदला जातो, पण मूळ गोष्ट जागेवर राहते. 'हो' म्हटलंत तर तिथून पुढचं जुनं सगळं नव्या निवडीप्रमाणे बदलतं आणि पुढची प्रकरणं क्रमाने परत खेळावी लागतात. कॉनरचा एक प्रसंग बघायला जाऊन काराची पूर्ण कथा विस्कटलेले लोक (दोघंही खेळायची यंत्रमानव पात्रं) याच बटणाचे बळी.

पात्रांचं वजन सारखं नाही, हेही धरून चला. कॉनर मेला तर नवा कॉनर येतो, क्रमांकाचा शेवटचा आकडा ५१ चा ५२ होतो, आणि हँकशी (त्याच्या पोलीस जोडीदाराशी) असलेल्या नात्यावर परिणाम होतो. काराला असं जीवदान नाही. 'स्टॉर्मी नाइट'मध्ये तिचा मालक टॉड म्हणतो म्हणून ती जागची हललीच नाही, तर तिची कथा तिथेच संपते आणि पुढची तिची सगळी प्रकरणं गळून पडतात. म्हणून काराचे प्रयोग शेवटी करा, कॉनरचे आधी.

पहिलंच प्रकरण 'द होस्टेज' सरावाला उत्तम. लहान आहे, आणि गच्चीवर जाण्याआधी घरात जेवढे पुरावे गोळा कराल तेवढी यशाची टक्केवारी पडद्यावर वाढताना दिसते. ओलीस धरणाऱ्या डॅनियलचं नाव कळलेलं असणं, टेबलाखालचं पिस्तूल उचललेलं असणं, जमिनीवर पडलेला मासा टाकीत सोडणं, प्रत्येकाचा धागा कुठे जातो ते बघा. माशाचा पुढच्या संवादाशी काही संबंध नाही, पण कॉनरच्या 'सॉफ्टवेअर इन्स्टॅबिलिटी'च्या खात्यात तो जमा होतो. म्हणजे धागाकर्त्याचा उधारीचा फाटा, तोही पहिल्या दहा मिनिटांत.

वाईट गोष्ट एकच: कटसीन (मधले नुसते बघायचे प्रसंग) पुढे ढकलायची सोय नाही. चहा करून या.

पाषाण_तळे

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

मास इफेक्ट २ (२०१०, आणि २०२१ च्या लेजंडरी एडिशनमध्ये परत) मधलं शेवटचं मिशन हे उधारीच्या फाट्याचं गणिती रूप आहे, म्हणून आकड्यांसह देतो.

जहाज आधी. तीन सुधारणा हव्यात: जेकबकडून चिलखत, टालीकडून संरक्षक कवच, गॅरसकडून थॅनिक्स तोफ. प्रत्येक राहिलेल्या सुधारणेमागे प्रवासातच एक साथीदार जातो. चिलखत नसेल तर जॅक जाते. तिघांशी बोलल्याशिवाय या सुधारणा प्रयोगशाळेच्या यादीत येतच नाहीत, म्हणून मिशनांच्या मध्ये जहाजावर चक्कर मारत राहा.

मग नेमणुका. नळीत शिरायला टाली, लीजन किंवा कासुमी. दुसऱ्या तुकडीच्या नेतृत्वाला दोन्ही वेळा गॅरस, जेकब किंवा मिरांडा. किड्यांच्या थव्यातून जाताना संरक्षक बुडबुडा धरायला जॅक किंवा समारा (समाराच्या जागी मॉरिंथ असेल तर तीही चालते). सगळे निष्ठावंत, म्हणजे लॉयल्टी मिशन झालेले. इथे शिक्षा चुकणाऱ्यालाच होते असं नाही. पहिल्या वेळी तुकडीला नेता चुकीचा दिलात तर मरतो नळीतला तंत्रज्ञ. बुडबुड्याला चुकीचा माणूस दिलात तर तुमच्यासोबत चालणाऱ्यांपैकी एक थव्यात ओढला जातो. त्यामुळे 'टाली तर निष्ठावंत होती, मग कशी मेली' हा प्रश्न सारखा विचारला जातो.

आता शेवटची खिंड. तुम्ही दोघांना घेऊन पुढे जाता, एकाला सुटका केलेल्या कर्मचाऱ्यांसोबत परत पाठवता, उरलेले दार लढवतात. प्रत्येकाला गेम गुण देतो. ग्रंट, झाईद, गॅरस ४. मिरांडा, जेकब, समारा, थेन, लीजन २. जॅक, टाली, कासुमी, मॉर्डिन १. निष्ठा नसेल तर एक कमी. मागे पाच किंवा जास्त जण असतील तर सरासरी २ किंवा वर लागते. १.५ ते २ च्या मध्ये आली तर एक जण मरतो.

उदाहरण. बाराही जण जिवंत आणि निष्ठावंत, मॉर्डिन कर्मचाऱ्यांसोबत परत. तुम्ही दणकट म्हणून गॅरस आणि ग्रंटला सोबत नेलंत. मागे राहिले नऊ: मिरांडा, जेकब, समारा, थेन, लीजन यांचे १०, झाईदचे ४, जॅक, टाली, कासुमीचे ३. बेरीज १७, भागिले ९, म्हणजे १.८९. टाली गेली. तेच टाली आणि जॅकला सोबत नेलंत तर मागची बेरीज २३, भागिले ९, म्हणजे २.५६, सगळे वाचतात. दणकट माणसं दारात ठेवायची आणि नाजूक माणसं बरोबर न्यायची, हे मनाला उलटं वाटतं म्हणून बहुतेकांचं चुकतं. सोबत नेलेला मात्र निष्ठावंतच हवा, नाहीतर तो शेवटच्या लढाईनंतर जातो.

सेव्ह कुठे? ओमेगा-४ रिलेच्या (शेवटच्या मिशनला नेणाऱ्या दाराच्या) तोंडाशी एक तर हवाच, पण मुख्य सेव्ह 'रीपर आयएफएफ' मिशनच्या आधी. त्यानंतर थोड्या वेळात जहाजावरचे कर्मचारी पळवले जातात आणि घड्याळ सुरू होतं. लगेच रिलेतून गेलात तर सगळे कर्मचारी वाचतात, मध्ये एक ते तीन मिशनं केलीत तर निम्मे जातात, त्याहून जास्त केलीत तर फक्त डॉक्टर चाकवास उरते. त्यामुळे बाकी सगळी लॉयल्टी मिशनं आयएफएफच्या आधी उरकायची, लीजनला (तो यंत्रमानव आहे) चालू केल्यावर फक्त त्याचं तेवढं करायचं, आणि निघायचं.

बुधवारपेठी

@पाषाण_तळे, सुंदर. दोन भर. मिरांडा-जॅक आणि टाली-लीजन यांची जहाजावर भांडणं होतात, दोघींची किंवा दोघांची मिशनं झाल्यावर. तिथे पॅरागॉन (चांगुलपणाचे गुण) किंवा रेनेगेड (दांडगाईचे गुण) पुरेसं नसेल तर एकाची निष्ठा जाते आणि तुमची सरासरी बसते. म्हणून दुसऱ्या खेपेला दोन्हीकडे थोडं थोडं चांगलं-वाईट वागू नका, एकच बाजू धरून भरा.

आणि दुसऱ्या वेळच्या तुकडीला मिरांडा निष्ठावंत नसली तरी चालते. तेवढी एकच सूट आहे.

पाषाण_तळे

बरोबर, ते राहिलं होतं. सगळ्यात वाईट शेवट बघायचा असेल त्यांच्यासाठी: दोनपेक्षा कमी साथीदार वाचले तर शेपर्डही (म्हणजे तुमचं पात्र) वाचत नाही, आणि तो सेव्ह तिसऱ्या भागात नेता येत नाही. बघा, पण त्याच रकान्यावर सेव्ह करू नका.

वारजे_विस्मरण

मी नवीन आहे. काहीही चुकलं तरी जुना सेव्ह उघडायचा, इतकंच ना?

धानोरी_ध्वनी

@वारजे_विस्मरण, बहुतेक ठिकाणी हो. अंडरटेल (२०१५) मध्ये बिलकुल नाही.

अंडरटेलचे ढोबळ तीन मार्ग: मधला, कोणालाही न मारता जाण्याचा, आणि सगळ्यांना संपवण्याचा. शेवटचा मार्ग एकदा पूर्ण केलात की गेम ते कायमचं लक्षात ठेवतो. नंतर रीसेट करून कितीही सद्गुणी खेळलात तरी शांततेच्या मार्गाचा शेवट डागाळलेलाच दिसतो. म्हणून क्रम ठरलेला: आधी मधला, मग शांततेचा, संहार सगळ्यात शेवटी.

शांततेच्या मार्गात एक जीव घेतला तरी संपलं. पॅपिरसची आणि अंडाइनची भेट, मग ॲल्फिसच्या पत्राचा प्रसंग, हे सगळं व्हावं लागतं. संहाराला उलट प्रत्येक भागात आकडा भरावा लागतो: रुइन्समध्ये २०, स्नोडिनमध्ये १६, वॉटरफॉलमध्ये १८, हॉटलँड आणि कोर मिळून ४०. भागाचा प्रमुख शत्रू मारण्याआधी आकडा भरला नाही तर मार्ग तुटतो आणि गेम काही न सांगता मधल्या मार्गावर येतो. भरला की नाही हे कळायची खूण: चालत राहिलात तरी लढाईत कुणी येत नाही, फक्त 'पण कोणीच आलं नाही' अशा अर्थाची ओळ येते.

विंडोजवर डाग पुसता येतो. ॲपडेटा, मग लोकल, त्यात अंडरटेलचं फोल्डर. त्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' नावाच्या, ९६२ आणि ९६३ आकड्यांच्या फाइली असतात. आधी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून क्लाउड सेव्ह बंद करा, मगच त्या फाइली काढा. क्रम उलटा झाला तर क्लाउड त्या परत आणून ठेवतो, आणि मग 'गेमला भूत लागलंय' असे धागे निघतात.

अवांतर: निअर ऑटोमाटा (२०१७) याच्या उलट. त्याचे ए ते झेड २६ शेवट आहेत, त्यातले पाच खरे, बाकी गमतीचे (एक विशिष्ट मासा खाल्ला की गेम संपतो). 'सी' किंवा 'डी' शेवट बघितला की प्रकरण निवडायची सोय मिळते, दोन्ही बघितले की 'ई'. त्या 'ई'च्या शेवटी अनोळखी खेळाडूला मदत करण्यासाठी तुमचे सगळे सेव्ह देऊन टाकायचे का, असं विचारतात. हो म्हटलं की खरोखर पुसतात. आधी प्रत काढून ठेवा, किंवा मनापासून द्या. सुरुवातीच्या मोहिमेतही सावध, तिथे सेव्ह करायची जागाच नाही. मेलात की तो 'डब्ल्यू' शेवट धरला जातो आणि पहिल्यापासून सुरू.

वारजे_विस्मरण

बाप रे. धन्यवाद.

हिंजवडी_फेज_शून्य

कन्सोलवाल्यांसाठी. पीसीवर सेव्हचं फोल्डर उचलून तारखेच्या नावाने दुसरीकडे चिकटवलं की झालं. विचरचं डॉक्युमेंट्समध्ये असतं, सायबरपंकचं 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये. प्लेस्टेशनवर तसं नाही. पीएस४ गेमचे सेव्ह यूएसबीवर काढता येतात, पीएस५ कन्सोलवरूनही. पण पीएस५ गेमचे सेव्ह यूएसबीवर जात नाहीत, फक्त क्लाउडवर, आणि त्याला पीएस प्लस (पैसे भरून घ्यायचं सभासदत्व) लागतं. दुसऱ्या खेपेला आपोआप सिंक बंद ठेवा, नाहीतर नवी फांदी जुन्या प्रतीवर जाऊन बसते.

ज्या गेमला एकच ऑटोसेव्ह आहे तिथे पीएस प्लसशिवाय चालणारी युक्ती: कन्सोलवर दुसरा यूजर काढा. प्रत्येक यूजरचे सेव्ह वेगळे असतात. पहिल्या यूजरवर मूळ गोष्ट, दुसऱ्यावर फांदी. अंटिल डॉनला (२०१५) हीच पद्धत लावा. त्यात हाताने सेव्ह करणं नाही, संपल्यावर मागच्या प्रकरणापासून सुरू केलं की पुढचं सगळं नव्याने लिहिलं जातं. आणि त्याचे फाटे चांगलेच लांबच्या पल्ल्याचे आहेत. क्रिसच्या हातात बंदूक असते त्या प्रसंगात त्याने ॲशलीवर रोखून चाप ओढला तर ती जिवंत राहते, पण पुढे क्रिस जीव घेऊन दाराशी येतो तेव्हा ती दार उघडत नाही. दाराचा प्रसंग कितीही वेळा परत खेळा, बटणं कितीही चपळ दाबा, क्रिस मरणारच. बंदुकीपर्यंत मागे जावं लागतं.

शेवटचं, खास पुणेकरांसाठी. गुरुवारी देखभालीला लाईट जाते हे गृहीत धरून चला. रेस्ट मोडमध्ये थांबवून ठेवलेला गेम वीज गेली की गेला, मागचा सेव्ह तेवढा उरतो. ऑटोसेव्हचं चक्र फिरत असताना वीज गेली तर सेव्ह फाइलच खराब होऊ शकते, आणि एकच सेव्ह असलेल्या गेममध्ये म्हणजे सगळंच. छोटा यूपीएस फक्त कन्सोल आणि टीव्हीला लावा, खेळत राहण्यासाठी नाही, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. खरेदीला तपकीर गल्लीत जाल तर व्हीए नाही, वॅट विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बराच कमी.

सदाशिव_संक्षेप

वॅटची माहिती कामाची. बाकीचं यूट्यूबवर बघेन.

खराडी_कनेक्ट

फाशांचे गेम राहिले. डिस्को एलिझियम (२०१९) मध्ये प्रत्येक कौशल्यचाचणीला दोन फासे पडतात. दोन सहा आले की नेहमी यश, दोन एक आले की नेहमी अपयश, कौशल्य कितीही असो. पांढरी चाचणी हुकली तर ते कौशल्य वाढवून परत घेता येते, लाल एकदाच. म्हणून लाल चाचणीच्या आधी सेव्ह, पांढरीच्या आधी गरज नाही. पण एक विनंती: हुकलेली लाल चाचणी लगेच परत लोड करू नका. त्या गेममध्ये अपयशाचे प्रसंग यशापेक्षा भारी लिहिलेत. पन्नास टक्के मजा तिथेच आहे.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्येही तेच. ऑनर मोडमध्ये दुसरी फांदी बघायचा विचार करू नका, तिथे एकच सेव्ह असतो. साध्या मोडमध्ये पहिल्या अंकातली ड्रुइड वस्ती हा मोठा फाटा. हल्लेखोर मिन्थाराच्या बाजूने वस्तीवर हल्ला केलात तर विल आणि कार्लाक हे साथीदार सोडून जातात. म्हणजे त्या फांदीवर त्या दोघांच्या पुढच्या कथा बंद. वस्तीच्या वेशीबाहेरचा सेव्ह जपून ठेवा, पुढे तासनतास वाचतील.

धानोरी_ध्वनी

कोणी व्हिज्युअल नॉव्हेल (मधेमधे निवडी देणारी, वाचत जायची चित्रकथा) खेळतं का? रेनपाय या सॉफ्टवेअरवर बनलेल्या असतील तर काम फार सोपं. सेटिंगमध्ये स्किपखाली 'अनसीन टेक्स्ट' बंद ठेवा आणि 'आफ्टर चॉइसेस' चालू करा. मग कंट्रोल दाबून धरलं की वाचलेला मजकूर सुसाट पळतो, निवड केल्यावरही पळत राहतो, आणि न वाचलेली पहिली ओळ आली की आपोआप थांबतो. म्हणजे फाटा खरा होता की कात्रजचा घाट, हे गेमच सांगतो: थांबलाच नाही तर घाट. बहुतेक लोक 'अनसीन टेक्स्ट' चुकून चालू ठेवतात आणि नवा प्रसंगच उडवून टाकतात.

बुधवारपेठी

@नाशिक_फाटा, कात्रजच्या घाटाबद्दल थोडी असहमती. डग-कार्ली दोघं मरतात हे खरं, पण मधल्या दोन भागांत कोण सोबत आहे यावर संवाद आणि वातावरण बदलतं. फांदी परत खोडाला मिळते म्हणून ती खोटी होत नाही.

नाशिक_फाटा

मान्य. घाट म्हणजे बघूच नका असं नाही, फक्त त्यासाठी वेगळी पूर्ण खेप काढू नका. दुसऱ्या खेपेत नाहीतरी तिथून जायचंच आहे, तेव्हा उलटं निवडा.

सायबरपंकच्या (२०२०) मूळ शेवटांचा तपशील कुणीच दिला नाही, म्हणून मीच देतो. हानाकोला एम्बर्स या क्लबमध्ये भेटायला गेलात की परतीचा रस्ता बंद, आणि गेम तसं सांगतो. त्या दाराबाहेरचा सेव्ह धरून जवळजवळ सगळे शेवट निघतात, पण फक्त ज्यांची तयारी झाली आहे तेच. पनामच्या शेवटाला तिची मिशनं 'क्वीन ऑफ द हायवे'पर्यंत पूर्ण हवीत, रोग (हे बाईचं नाव) आणि जॉनी यांच्या शेवटाला 'ब्लिस्टरिंग लव्ह'. गुप्त शेवटासाठी 'चिपिन इन'मध्ये तेलक्षेत्रावर जॉनीशी होणारं बोलणं बरोबर जमावं लागतं. मग गच्चीवर कुणाला फोन करायचा हे निवडायची वेळ आली की काहीही दाबायचं नाही, पाच-एक मिनिटं नुसतं बसायचं. जॉनी स्वतः बोलतो. त्या मोहिमेत मेलात की चेकपॉइंट नाही, थेट श्रेयनामावली. औषधं भरून जा.

म्हणजे 'चिपिन इन'च्या आधी एक आणि एम्बर्सच्या दाराबाहेर एक, असे दोन सेव्ह. संपल्यावर गेम तुम्हाला एम्बर्सच्या आधी नेऊन सोडतोच, पण 'चिपिन इन' चुकलं असेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि कागद वापरा. अप्पा बळवंत चौकातून आलेखवही आणा, एका ओळीला एक निवड, चार रकाने: कुठे, काय निवडलं, सेव्हचं नाव, परिणाम कुठे दिसला. चौथा रकाना पहिल्या खेपेत बहुतेक रिकामा राहतो. दुसऱ्या खेपेत तो भरायला लागला की पेनाचा रंग बदला.

हिंजवडी_फेज_शून्य

माझ्या वरच्या प्रतिसादावर व्यनितून एक प्रश्न आला, इथेच उत्तर देतो. पीएस४ ची डिस्क पीएस५ मध्ये घालून खेळत असाल तर सेव्ह यूएसबीवर जातो का? आवृत्ती बघा. त्याच गेमची पीएस५ आवृत्ती उतरवून खेळत असाल तर नाही. होम स्क्रीनवर गेमवर जाऊन ऑप्शन्स बटण दाबा, दोन्ही आवृत्त्या असतील तर तिथे निवड दिसते. यूएसबीसाठी पीएस४ आवृत्ती निवडून, तिच्यातच सेव्ह करून, मग सेटिंग्जमध्ये सेव्ह्ड डेटामधून प्रत काढा.

वारजे_विस्मरण

जमलं. दोन्ही आवृत्त्या होत्या, पीएस४ वाली निवडली.